झाडावर ताण येतो कधी आणि दिसतो कधी

प्रश्न : कोल्हापूर शहरातली आणि पंचगंगेच्या काठची काही मोठी झाडे कडक उन्हाळा हिरवीगार काढतात आणि ऐन पावसाळ्यात किंवा वर्ष-दीड वर्षाने वाळतात. महापुरात आठवडाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या दोन झाडांपैकी एक टिकते, दुसरे जाते. झाडांवरील ताणाचा अभ्यास करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ याचा उलगडा कसा करतात? झाड धोक्यात आहे हे आधी ओळखता येते का?

उत्तर : आपण जे निरीक्षण नोंदवले आहे, तोच या अभ्यासाचा गाभा आहे. मोठे झाड वाळलेले दिसते, तेव्हा त्याला मारणारी घटना बहुधा घडून गेलेली असते. कधी काही महिन्यांपूर्वी, कधी दोन-तीन हंगामांपूर्वी. ज्वारीचे पीक पाण्याअभावी आठ दिवसांत मान टाकते, कारण त्याच्याजवळ साठा थोडा असतो. झाडाजवळ खोडातले पाणी, मुळांतला पिष्टाचा साठा, खोलवर गेलेली मुळे आणि जास्तीचे लाकूड असते. या शिलकीवर ते नुकसान झाकून ठेवू शकते आणि शिलक संपली की एकदम कोसळते. त्यामुळे ‘हे झाड आत्ता का वाळले’ असे कुणी विचारले की माझा उलट प्रश्न ‘गेल्या दोन वर्षांत याच्या मुळांचे काय झाले’ हा असतो, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते.

सुरुवात पाण्यापासून करावी लागेल. झाड पाणी खालून वर ढकलत नाही. ते वरून ओढले जाते. पानांच्या रंध्रांतून बाष्प बाहेर पडते, त्या जागी पाणी यावे म्हणून जलवाहिन्यांतील सलग स्तंभ वर खेचला जातो आणि ही ओढ थेट मुळांच्या टोकापर्यंत पोहोचते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात म्हणून हा स्तंभ तुटत नाही, ही कल्पना डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये मांडली. म्हणजे जिवंत झाडाच्या वाहिनीतील पाणी अक्षरशः ताणलेल्या अवस्थेत, ऋण दाबाखाली असते. हा ताण प्रत्यक्ष मोजण्याची सोपी रीत मिळायला मात्र १९६५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पेर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेशर चेंबरचे उपकरण सर्वांपुढे आणले. डहाळी कापली की ताणलेले पाणी कापलेल्या टोकापासून आत ओढले जाते. ती डहाळी धातूच्या भक्कम डब्यात ठेवायची, कापलेले टोक तेवढे झाकणातून बाहेर काढायचे आणि आत नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. ज्या दाबाला पाणी परत टोकाशी येऊन चमकते, तेवढाच ताण झाडात होता असे समजायचे. उंच डग्लस फर वृक्षांच्या शेंड्यावरच्या डहाळ्या शोलँडर यांनी बंदुकीच्या गोळीने पाडून घेतल्या होत्या; आमचे काम पुष्कळदा लांब बांबूला बांधलेल्या कोयत्यावर भागते.

हे मोजमाप पहाटे, उजाडण्यापूर्वी घेतात आणि पुन्हा भर दुपारी घेतात. रात्री रंध्रे जवळजवळ मिटलेली असतात, त्यामुळे पहाटेपर्यंत झाड मुळांभोवतीच्या मातीशी समतोलाला आलेले असते. पहाटेचा आकडा मातीत किती पाणी हाताशी आहे ते सांगतो आणि दुपारचा आकडा त्यावर उन्हाने किती ओढ घातली ते सांगतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ०.२ मेगापास्कल दाब असतो. पावसाळ्यातल्या सुखी झाडाचा पहाटेचा ताण एवढ्याच मापाचा निघतो. शेतपिकांसाठी उणे १.५ मेगापास्कल ही कायमची मलूल होण्याची मर्यादा पुस्तकांत दिलेली असते, पण कोरड्या पानझडी रानातली कितीतरी झाडे वैशाखात या मर्यादेच्या खाली जाऊनही जिवंत राहतात.

ओढ वाढत गेली की एका टप्प्यावर शेजारच्या हवा भरलेल्या वाहिनीतून सूक्ष्म छिद्रांवाटे हवा आत खेचली जाते. स्तंभ तुटतो, त्या वाहिनीत बुडबुडा भरतो आणि ती वाहिनी निकामी होते. कोणत्या ताणाला खोडाची पाणी वाहण्याची क्षमता निम्म्यावर येते, हा आकडा प्रत्येक जातीचा वेगळा असतो आणि दुष्काळातील तग धरण्याचा अंदाज बांधताना तो फार उपयोगी पडतो. २०१२ साली ब्रेंडन शोट आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या ८१ ठिकाणच्या २२६ वृक्षजातींचे असे आकडे एकत्र करून पाहिले. सुमारे ७० टक्के जाती आपल्या धोक्याच्या रेषेपासून एक मेगापास्कलपेक्षाही कमी अंतरावर राहून जगतात, असे त्यात दिसले; आणि ही गोष्ट ओल्या जंगलांनाही तेवढीच लागू होती जेवढी कोरड्या प्रदेशांना. हा निष्कर्ष आपल्या जिल्ह्यासाठी फार महत्त्वाचा आहे. राधानगरी-दाजीपूरच्या रानातले अंजनी किंवा जांभूळ भरपूर पावसात वाढते म्हणून सुरक्षित आणि शिरोळकडची बाभूळ कोरड्यात वाढते म्हणून धोक्यात, असे समजणे चूक ठरते. प्रत्येक झाडाने आपापल्या जागच्या पाण्याच्या हिशेबाने खोड बांधलेले असते आणि प्रत्येक जण आपापल्या काठाजवळच उभा असतो. पावसाच्या सवयीत मोठा फरक पडला की दोघांनाही तो भोवतो.

बुडबुड्याने निकामी झालेल्या वाहिन्या पुन्हा भरून चालू होतात का, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला आहे. मोठ्या झाडांच्या लाकडात अशी दुरुस्ती सर्रास होत नाही, नव्या हंगामात नवे लाकूड घालूनच झाड ती तूट भरून काढते, या बाजूला माझे मत झुकते. एका वाईट उन्हाळ्याची तूट पुढच्या पावसाळ्यातल्या वाढीतून भरायची असते. तो पावसाळाही हुकला तर पुढच्या उन्हाळ्याला झाड अर्ध्या नळांवर सामोरे जाते.

एवढे टाळण्यासाठी झाडाच्या हाती पहिले साधन आहे रंध्रे मिटण्याचे. माती सुकू लागली की अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक पानात वाढते, रंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या पेशी पाणी सोडून ढिल्या पडतात आणि रंध्र बंद होते. पाणी वाचते, पण त्याच दारातून कार्बन डायऑक्साइड आत येत असल्याने अन्न बनणेही थांबते. काही जाती लवकर दार लावून घेतात आणि साठ्यावर जगतात. काही जाती दार उघडे ठेवून वाढतच राहतात आणि वाहिन्या तुटण्याचा धोका पत्करतात. नेट मॅक्डॉवेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हीच मांडणी केली : पहिली झाडे उपासमारीने मरण्याचा संभव अधिक, दुसरी तहानेने. पुढच्या संशोधनात हे दोन रस्ते इतके स्वच्छ वेगळे राहिले नाहीत. मरणाऱ्या झाडांत वाहिन्या तुटल्याचा पुरावा जवळजवळ सगळीकडे मिळाला, साठा आटल्याचा पुरावा काही जातींत मिळाला आणि काहींत नाही. तरीही अशक्त झाडांविषयी ती मांडणी एक उपयुक्त गोष्ट सांगते. साठा कमी झालेले झाड डिंक, राळ, टॅनिन यांसारखी संरक्षक द्रव्ये बनवण्यात कसर करते आणि मग खोडकिडा व बुरशी यांना वाट मिळते. आंब्याला भिरूड लागली, झाड गेले, असे बागायतदार सांगतात तेव्हा ते खरेच असते. परंतु ती भिरूड पुष्कळदा आधीच खचलेल्या झाडात शिरलेली असते. औषध टोचून किडा मरतो, झाड खचण्याचे कारण तसेच राहते.

दुसरे साधन पानगळ. शहरात डिसेंबर-जानेवारीनंतर एखादे झाड पाने टाकू लागले की लोक घाबरून फोन करतात, म्हणून हे थोडे सविस्तर लिहितो. पळस, सावर, पांगारा, ऐन, किंजळ ही झाडे ताण येण्याची वाट न पाहता पाने झडवून टाकतात. पाने गेली की ओढ थांबते, खोडात उरलेल्या व खोल मुळांनी आणलेल्या पाण्याने डहाळ्या पुन्हा भरतात आणि त्या पाण्यावर पाऊस येण्याच्या कितीतरी आधी, फाल्गुन-चैत्रात, फुले व नवी पालवी येते. आंबा घाटाच्या उतारावर एप्रिलमध्ये कोवळी लाल पालवी दिसते, तो रणरणत्या उन्हातला काळ असतो. पालवीतल्या लाल रंगद्रव्यामुळे हरितद्रव्य पुरते तयार होण्याआधी प्रखर उजेडापासून काही संरक्षण मिळते, असा बराच पुरावा आहे. म्हणून नियमित वेळेला झालेली पूर्ण पानगळ ही तब्येतीची खूण समजावी. काळजीची पानगळ निराळी असते : ती अवेळी होते, शेंड्याकडून सुरू होते, एखाद्याच बाजूच्या फांद्यांवर होते किंवा पाने वाळूनही देठाला लटकून राहतात. पान गळण्यासाठी देठाशी पेशींचा एक थर जिवंतपणे तयार व्हावा लागतो. वाळलेले पान फांदीला चिकटून राहिले, तर तो थर करायलाही फांदीला वेळ मिळाला नाही असा त्याचा अर्थ असतो.

आता पुराकडे वळू. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी पाणी त्याच्या बरेच वर गेले आणि काठची झाडे दिवसेंदिवस पाण्यात राहिली. पाण्याच्या अतिरेकाने झाड मरते ते बुडून नव्हे, मुळे गुदमरून. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पटीने हळू तो पाण्यात पसरतो. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे आणि सूक्ष्मजीव मिळून उरलासुरला प्राणवायू काही तासांत ते एक-दोन दिवसांत संपवतात. प्राणवायू असताना एका ग्लुकोजच्या रेणूपासून पेशीला ऊर्जेचे तीसच्या वर रेणू मिळतात. प्राणवायूविना आंबवण्याच्या मार्गाने फक्त २ मिळतात. म्हणजे तेच काम चालू ठेवायला मुळांना साखर कितीतरी पटीने अधिक जाळावी लागते, आणि त्याच वेळी मूळ पाणी ओढण्याचे कामही नीट करू शकत नाही, कारण त्याच्या पेशीपटलांतील पाण्याच्या वाटा आंबटपणामुळे मिटू लागतात. म्हणूनच पुरात उभ्या झाडाची पाने मलूल होतात. वरकरणी हा विरोधाभास वाटतो, पण कंबरभर पाण्यात उभे असलेले झाड तहानलेले असते.

टिकणाऱ्या जातींकडे यावर तोडगे आहेत. नदीकाठचे वाळुंज बुडालेल्या खोडावर काही दिवसांत नवी आगंतुक मुळे काढते आणि ती मुळे पाण्याच्या वरच्या, हवा मिसळलेल्या थरात पसरतात. जांभूळ, अर्जुन आणि करंज या जातीही काठावर टिकून राहतात. कित्येक जातींत सालीवरची वल्करंध्रे (हवेची बारीक छिद्रे) फुगून पांढुरकी होतात व त्यांतून हवा आत जाते, तर मुळांत पेशी विरून लांब पोकळ वाटा तयार होतात आणि वरची हवा त्यांतून खाली उतरते. या बदलांमागे इथिलीन वायूचा हात असतो. पाण्याखाली तो मुळांतून निसटू शकत नाही, साठतो आणि साठणे हाच इशारा ठरतो. याच्या उलट टोकाला पपई : दोन-तीन दिवस पाणी मुळांशी साचले की ती हाताबाहेर जाते.

आपल्या पुराविषयी तीन गोष्टी मुद्दाम ध्यानात घ्यायला हव्यात, ज्या परदेशी अभ्यासांवरून थेट कळत नाहीत. पहिली, आपला पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो. थंड देशांत पुष्कळ पूर हिवाळ्याच्या अखेरीस, झाडे निष्पर्ण असताना येतात आणि तेव्हा मुळांची प्राणवायूची गरज कमी असते. आपल्याकडे पानांनी भरलेले, जोमात वाढणारे झाड आणि उबदार माती अशा अवस्थेत पाणी येते, म्हणजे गुदमरणे अधिक वेगाने होते. दुसरी, वाहते पाणी साचलेल्या पाण्यापेक्षा कमी घातक असते, कारण त्यात काही हवा मिसळलेली असते. नदीच्या धारेतले झाड जगले आणि जरा मागे, सखल आवारात पाणी तुंबलेल्या जागचे झाड मेले, हे त्यामुळेच; दोन्ही झाडे एकाच जातीची असली तरी असे होते. तिसरी गोष्ट गाळाची. पूर ओसरल्यावर बुंध्याशी बसलेला गाळ ही नवी सुपीक माती म्हणून तशीच ठेवतात, पण बारीक गाळाचा वीतभर थर जुन्या मुळांची हवा महिनोन्‌महिने बंद ठेवतो. तो बुंध्यापासून जितक्या दूरपर्यंत हलक्या हाताने काढता येईल तितका काढावा. मला विचाराल तर पुरानंतर मोठ्या झाडासाठी करण्यासारखे याहून मोलाचे काम नाही.

इथे आपल्या कोड्याची दोन्ही टोके जुळतात. ऑगस्टमध्ये बारीक शोषक मुळे मोठ्या प्रमाणात मेली तरी पावसाळाभर हवा दमट असते, ओढ कमी असते आणि उरलेल्या मुळांवर झाडाचे भागते. हिवाळ्यात ते हिरवेच दिसते. मार्च-एप्रिलमध्ये हवेची तहान वाढते आणि तेव्हा मुळांची खरी तूट उघड होते. साठ्याच्या बळावर झाडाने तो उन्हाळा काढला, तर पुढच्या पावसाळ्यात नवी मुळे व नवी पालवी एकाच वेळी करताना साठा संपतो आणि भर पावसात, माती ओली असताना, झाड वाळते. लोक म्हणतात, पाणी असून वाळले, नक्की कुणीतरी काही घातले. क्वचित तसेही होते. पण कुणाला दोष देण्याआधी वर्षभरापूर्वीचा पूर, गटाराची चारी, केबलसाठी खणलेला चर किंवा बुंध्याभोवती झालेले काँक्रीट आठवून पाहावे. चराने एका बाजूची मुळे तोडली तर परिणाम तोच होतो, आणि शहरात पुरापेक्षा चर कितीतरी जास्त.

जिल्ह्याच्या पूर्व भागात ताणाचा आणखी एक प्रकार आहे. तिकडे उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या बेसुमार पाण्याने शिरोळ परिसरातील काळ्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत. मातीच्या द्रावणाची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त मानतात. क्षार दोन पायऱ्यांनी त्रास देतात. प्रथम मातीतले पाणीच क्षारांनी धरून ठेवल्यामुळे मुळांना ते ओढणे जड जाते, म्हणजे ओल्या जमिनीत दुष्काळ. नंतर सोडियम व क्लोराइड जुन्या पानांत साठून त्यांच्या कडा करपतात. पहिल्या पायरीत सगळे झाड खुंटते, दुसऱ्या पायरीत खालची पाने जळतात, एवढ्या फरकावरून शेतातल्या शेतात पुष्कळ निदान करता येते. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात क्षार सहन करणाऱ्या वनस्पती आणि कोकणातली कांदळवने यांच्या शरीरक्रियेवर जुन्या काळापासून काम झालेले आहे. समुद्राच्या पाण्याचा परासरणी दाब (क्षारांमुळे पाणी धरून ठेवणारी ओढ) साधारण २.५ मेगापास्कल इतका, म्हणजे कांदळाला त्याहून अधिक ओढ सतत सांभाळावी लागते. हे त्याला कसे जमते ते कळले की बांधावरच्या करंजाच्या मर्यादाही समजू लागतात.

उष्णतेचा ताण बहुधा पाण्याच्या ताणाला चिकटून येतो. रंध्रे उघडी असताना बाष्पामुळे पान गार राहते. ती मिटली की भर उन्हातले पान हवेपेक्षा कितीतरी अंशांनी तापू शकते. हवेचे तापमान ३९ अंश आहे असे हवामान खाते सांगते, ते सावलीतले. डांबरी रस्त्यावर झुकलेल्या फांदीच्या पानाचा अनुभव निराळा असतो. २०२३ मध्ये क्रिस्टोफर डाउटी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या नोंदींवरून दाखवले की उष्ण कटिबंधातील जंगलांत सरासरी ४६.७ अंश सेल्सिअस ही प्रकाशसंश्लेषण मोडून पडण्याची मर्यादा धरली, तर आजच सुमारे ०.०१ टक्के पाने ती ओलांडत आहेत. प्रमाण किरकोळ दिसते, पण ते सरासरीचे आहे. ही मोडतोड डोळ्यांना दिसण्याआधी हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीवरून कळते. पान वीस-तीस मिनिटे अंधारात ठेवून त्यावर उजेडाचा झोत टाकला की पान थोडा उजेड परत फेकते; त्यावरून काढलेले गुणोत्तर निरोगी पानात ०.८३ च्या आसपास येते, जात कुठलीही असो. सकाळीसुद्धा ते ०.७ च्या खाली राहत असेल, तर पान हिरवे दिसले तरी आतले यंत्र बिघडलेले आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. हे उपकरण हाती आले की विद्यार्थी त्याच्यावरच विसंबतात, आणि मातीतला कोरडेपणा वाढत असताना हा आकडा शेवटपर्यंत चांगला राहतो. पाण्याच्या ताणाचा लवकर इशारा हवा असेल तर पहाटेचे जलविभव, म्हणजे प्रेशर चेंबरने कळणारा पाण्याचा ताणच, मोजावे लागते.

शहरी झाडांवरच्या अभ्यासात सिंग आणि राव यांनी १९८३ मध्ये सुचवलेला वायुप्रदूषण सहनशीलता निर्देशांक फार वापरला जातो. पानातील अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, एकूण हरितद्रव्य, पानाच्या अर्काचा सामू (पीएच) आणि सापेक्ष जलांश एवढ्या चार मापांतून तो निघतो. साध्या प्रयोगशाळेत जमणारे काम असल्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून त्यावर प्रबंध झाले. त्याची उपयुक्तता मर्यादित आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही चारही मापे ऋतू, पानाचे वय आणि आदल्या दिवशीचा पाऊस यांनी बदलतात. धुराळ्याच्या रस्त्यावरचे आणि बागेतले झाड यांची तुलना करताना त्या दोघांच्या मुळांना मिळणारी माती सारखी नाही, हे बहुतेक वेळा नोंदवलेलेच नसते. त्या यादीत वरचा क्रमांक आला म्हणून ती जात दोन फूट रुंद दुभाजकात लावावी, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दुभाजकातल्या झाडाला धुरापेक्षा जागेचा आणि पाण्याचा ताण मोठा असतो. बुंध्याला भिडवलेले पेव्हर ब्लॉक हे तर गुदमरवणेच आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर त्रिज्येतले काँक्रीट काढण्याचा आदेश २०१३ मध्येच दिला होता. मोठ्या वडाला एक मीटर काहीच नाही, पण तेवढे जरी आपल्या रस्त्यांवर झाले तरी फरक दिसेल.

मागच्या ताणाची नोंद लाकडात मिळते का, असेही कुणी विचारील. काही झाडांत मिळते. साग दरवर्षी स्पष्ट वलय टाकतो, म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी सागाच्या वलयांवरून मागच्या काळातील पावसाचा माग काढला आहे. अरुंद वलय म्हणजे कोरडे वर्ष, हे ढोबळ सूत्र. पण पानावर पडलेली अळी, छाटणी किंवा शेजारच्या झाडाची सावली यांनीही वलय अरुंद होते, म्हणून एका झाडावर न विसंबता अनेक झाडांची वलये जुळवून पाहतात. वड, पिंपळ, जांभूळ यांत मात्र वर्षाचे वलय भरवशाने ओळखता येत नाही, तेव्हा रस्त्यावरच्या वडाचे वय छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नये.

झाडे ताणात ओरडतात, एकमेकांना निरोप देतात, असेही अलीकडे सांगितले जाते. त्यात तथ्य किती ते थोडक्यात सांगतो. तेल अवीवच्या गटाने २०२३ मध्ये दाखवले की पाणी तोडलेली टोमॅटो आणि तंबाखूची रोपे तासाला तीस ते पन्नास वेळा, माणसाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेचे टिकटिक आवाज हवेत सोडतात. त्यांचा उगम बहुधा वाहिन्यांत बुडबुडे होण्यात आहे, म्हणजे ती हाक नाही. जमिनीखालच्या बुरश्यांच्या जाळ्यातून झाडे एकमेकांना अन्न देतात, या कल्पनेला सुझान सिमार्ड यांच्या १९९७ च्या प्रयोगापासून प्रसिद्धी मिळाली. २०२३ मध्ये जस्टीन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासून, प्रत्यक्ष जंगलात ते अजून पुरेसे सिद्ध झालेले नाही असे म्हटले. जगदीशचंद्र बोस यांनी फरीदपूरच्या खजुरीबाबत जे केले तीच रीत मला बरी वाटते. ते झाड संध्याकाळी आरतीच्या वेळी वाकते आणि सकाळी उभे राहते, म्हणून लोक त्याला नमस्कार करणारे झाड म्हणत. बोस यांनी त्याला उपकरण जोडून दाखवले की ती हालचाल तापमानाच्या चढउताराबरोबर चालते.

आधी ओळखण्याविषयी आपण विचारले आहे. उपकरणाविना जमणारे ते असे : दरवर्षी ठरावीक पंधरवड्यात त्याच जागी उभे राहून शेंड्याचा फोटो काढावा आणि आकाश किती दिसते ते मागच्या वर्षीशी ताडून पाहावे, चालू वर्षाच्या डहाळीची लांबी दोन पेरांच्या खुणांमधून मोजून मागच्या वर्षांशी तुलना करावी, कारण डहाळी आखूड होत जाणे ही शेंडा विरळ होण्याच्याही आधीची सूचना असते, पाने नेहमीपेक्षा लहान येत आहेत का, आणि बुंध्यावर किंवा मोठ्या फांद्यांवर एकाएकी फुटवे फुटले आहेत का ते पाहावे. तसे फुटवे लोकांना जोम वाटतात, प्रत्यक्षात ते वरचा शेंडा सोडून दिल्याचे चिन्ह असते. अवेळी लगडलेला मोहोर किंवा शेंगा यांकडेही संशयाने पाहावे. यातली दोन-तीन लक्षणे एकत्र आली तर खत घालण्याची घाई करू नये. खताने पालवी वाढते आणि अपुऱ्या मुळांवरची मागणी आणखी वाढते. त्यापेक्षा बुंध्याजवळ नव्हे तर फांद्यांच्या टोकाखाली जमीन मोकळी करून पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे आणि उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांतून एकदा खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. मोठ्या फांद्या तोडायच्या असल्यास महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांसाठी १९७५ चा कायदा लागू आहे आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तोडण्याआधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा वाट पाहावी.

महाविद्यालयात शिकणाऱ्या कुणाला या विषयात काम करायचे असेल तर त्यांनी परदेशी नमुना शोधू नये. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिरोळकडे तो पाचशे-सहाशेवर येतो, आणि ही दोन्ही ठिकाणे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत. जांभूळ दोन्हीकडे आहे, करंज दोन्हीकडे आहे. त्याच जातीची, जवळपास त्याच घेराची झाडे गगनबावडा, कोल्हापूर आणि शिरोळ येथे निवडून जानेवारी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये पहाटेचे व दुपारचे जलविभव, डहाळीची वाढ आणि पानाची जाडी नोंदवावी. प्रत्येक झाडाशेजारी गेल्या पाच वर्षांत काय खणले, काय भरले आणि पाणी किती दिवस साचले हे तिथल्या लोकांना विचारून त्याच वहीत लिहावे. प्रेशर चेंबर मिळत नसेल तर उरलेल्या नोंदींपासून सुरुवात करावी. वहीतली ती शेवटची बाब उपकरणाच्या आकड्याइतकीच कामाला येते.